जामुनखेडीचं रीडिंग

"द्राक्षं आमच्याच मळ्यातली आहेत, काका. वाइनची नाहीत हं, खायची," असं म्हणत ओंकारने वेताची पाटी टीपॉयवर ठेवली आणि अनुराधाबाईंना वाकून नमस्कार केला.

अनुराधाबाई तेवढ्यानेच विरघळल्या. हिंदी मुलखातल्या साकेत नगरातल्या त्यांच्या घरी अस्सल मराठी बोलणारा पाहुणा वर्षा-सहा महिन्यांत एखादा यायचा. हा तर थेट नाशिकचा, पाय शिवणारा, "त्रास घेऊ नका" म्हणणारा. "बस बेटा, त्रास कसला, पोहे टाकते मी," म्हणत त्या आत गेल्या.

अच्युत वैरागडे मात्र स्वतःच्याच घरात खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसले होते. पाहिलं असतं तर कुणालाही वाटलं असतं की घर ओंकारचं आहे आणि काम घेऊन आलेत ते वैरागडे. त्यांचं सगळं लक्ष उघड्या खिडकीकडे होतं. समोरच्या घरातल्यांनी गाडी पाहिली असेल का? गाडीवर 'टेकरी वाइनरी' असं लिहिलेलं असेल का? उद्या अकरा वाजता एसडीएम साहेबांसमोर, म्हणजे प्रांतांसमोर, त्याच वाइनरीची सुनावणी, त्यांच्याच रिपोर्टवरून तिथले स्पीकर तीन आठवडे बंद, आणि आदल्या संध्याकाळी तिचा मॅनेजर पाटी घेऊन घरी! हे जर साहेबांच्या कानावर गेलं तर?

वैरागड्यांचा स्वभावच तसा. लोकांना सवयी असतात तशी त्यांना भीती होती. वडील नागपूरहून इथे बदलून आले ते सरकारी कचेरी हलली तिच्याबरोबर, आणि येताना फाइलींसोबत ही भीतीही घेऊन आले असावेत. साहेबाने हाक मारली की वैरागड्यांच्या पोटात गोळा यायचा. शेजारच्या इस्पितळाकडे जाणारी अँब्युलन्स वाजली तरी ते आधी बायकोला हाक मारून बघायचे. गंमत अशी की असल्या माणसाला सरकारने काम दिलं होतं आवाज मोजण्याचं. लग्नाचे डीजे, गिरणीचे भोंगे, मिरवणुकीतले ढोल. एकतीस वर्षं ते मीटर घेऊन इतरांच्या गोंगाटात जाऊन उभे राहत होते आणि कुणाच्या डोळ्यांवर न येता परत येत होते. आता निवृत्तीला चार महिने उरले होते.

"काका, एक बारीकसं विचारायचं होतं," ओंकार पुढे सरकला. "तुमच्या फॉर्मवर मीटर तपासल्याचे दोन चौकोन असतात ना? मापनापूर्वी आणि मापनानंतर. दोन्हीत चौऱ्याण्णव पॉइंट शून्य लिहिलंय तुम्ही."

"तेवढंच असतं. चौऱ्याण्णवच यायला पाहिजे."

"हो, हो. पण आमचे वकील म्हणतात की या मीटरमध्ये तपासणीची नोंद वेळेसकट राहते. म्हणून त्यांनी उद्या मीटरच हजर करायला सांगितलंय." त्याने एक द्राक्ष तोडून हातात फिरवलं. "मी फक्त कानावर घातलं. आपलीच माणसं आपण. भर सुनावणीत तुमची पंचाईत व्हायला नको. तुम्ही स्वतःहून म्हणालात, रिपोर्टमध्ये जरा गडबड झाली, तर विषय तिथेच संपेल."

तो पोहे खाऊन, पुन्हा एकदा पाया पडून गेला. वैरागडे तसेच बसून होते. 

कारण त्या दुसऱ्या चौकोनातला आकडा खोटा होता.

ही खोटेपणाची रीत त्यांची एकट्याची नव्हती. मीटर खरं सांगतंय की नाही हे बघायला डबीएवढं एक यंत्र असतं, कॅलिब्रेटर. ते मीटरच्या तोंडावर बसवलं की बरोब्बर चौऱ्याण्णव डेसिबलची शिट्टी वाजवतं. मीटरने चौऱ्याण्णव दाखवलं की मीटर शहाणं. काम सुरू करण्याआधी एकदा आणि संपल्यावर पुन्हा एकदा तपासायचं, असा नियम. पण पद्धत अशी पडली होती की ऑफिसातून निघतानाच दोन्ही चौकोन भरून टाकायचे. मीटर काय दोन तासांत थोडंच बिघडतं! वैरागड्यांना हे त्यांच्या सीनियरने शिकवलं होतं आणि त्यांनी पुढच्या चौघांना. तरीही बहुतेक वेळा ते काम संपल्यावर शिट्टी वाजवून बघत असत, मनाच्या समाधानासाठी. जामुनखेडीत मात्र तेवढंही झालं नव्हतं.

जामुनखेडी हे कोलार रोड सोडून तासभर आत गेल्यावर लागणारं गाव. वीस-पंचवीस घरं, आणि वरच्या उतारावर टेकरी वाइनरीचा मळा. शनिवार-रविवारी शहरातून मोटारी यायच्या. उघड्या माळावर स्टेज, दोन बाजूंना माणसाहून उंच स्पीकर, आणि दुपारी चार ते रात्री आठ गाणी. गावातली तरणी माणसं तिथेच कामाला होती, त्यामुळे तक्रार करायला कुणी धजत नव्हतं. तक्रार केली एकट्या रामकलीने. शाळेच्या मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला, खाली अंगठा उमटवला आणि बसने येऊन स्वतः दिला.

तिचं घर मळ्याच्या कुंपणापासून दोनशे पावलांवर. पतऱ्याच्या छपराखाली खाटेवर तिचा नवरा बाबूलाल. दोन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघात झाला तेव्हापासून उजवी बाजू गेली, वाचा गेली. जानेवारीतल्या त्या शनिवारी वैरागड्यांनी अंगणात मीटरची तिवई उभी केली तेव्हा वरून पहिलं गाणं सुरू झालं आणि छपराचे पतरे कडकडायला लागले. खाटेवरच्या माणसाने डोळे घट्ट मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाच्या दिशेने ओघळलं.

"बोल तो सकते नहीं," रामकली म्हणाली. "हट भी नहीं सकते. इतवार की रात को जाके आँख लगती है, वो भी घड़ी भर. फिर शनीचर आ जाता है." मग तिने मीटरकडे बोट केलं. "साब, इसमें आ जाएगा ना? सब आ जाएगा?"

"आ जाएगा," वैरागडे म्हणाले.

आलं. दिवसाची मर्यादा पंचावन्न, आणि मीटर एकाहत्तरावर. वैरागड्यांनी तो आकडा लिहिला आणि त्याच वेळी कुंपणाकडून दोन रखवालदार आले. कुणाच्या परवानगीने, म्हणाले. त्यांनी ओळखपत्र दाखवलं तरी एकाने जीपच्या नंबरचा फोटो घेतला, दुसऱ्याने त्यांच्या चेहऱ्याचा. वैरागड्यांचं धाबं दणाणलं. त्यांनी तिवई मिटली, मीटर पेटीत टाकलं आणि जीप गाठली. गावाबाहेरच्या वळणावर आल्यावर त्यांचा हात कोटाच्या खिशात गेला. कॅलिब्रेटर तिथेच होता. वापरलाच नव्हता.

"को खाँ साब, कुछ भूल आए क्या?" ड्रायव्हर रईसभाईने गाडी हळू केली. 'काय हो'ला तो 'को खाँ' म्हणायचा. "लौटा लें?"

"नहीं, नहीं. चलो."

परत जायला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं आता त्यांच्या छातीवर बसली होती.

जेवताना अनुराधाबाईंनी त्यांचं ताट बघितलं. "काय झालं? जेवून का नाही राहिले तुम्ही?"

त्यांनी सांगून टाकलं. बायकोपासून लपवायलाही धीर लागतो, तो त्यांच्याकडे नव्हता. अनुराधाबाईंनी ऐकून घेतलं आणि आधी द्राक्षांची पाटी उचलून मागच्या दाराबाहेर ठेवली. मग येऊन समोर बसल्या.

"मशीन कुठे आहे?"

"घरीच. उद्या परस्पर न्यायचंय."

"मग त्याची मेमरी पुसून टाका ना. उडाली म्हणा, बॅटरी गेली म्हणा. मशीनच आहे, मशीनला काय होत नाही!"

"पुसलं तर पुसल्याचंही दिसत असेल."

"दिसते का?"

"माहीत नाही मला."

"एकतीस वर्षं झाली आणि माहीत नाही!" अनुराधाबाईंचा आवाज चढला. मग त्यांनीच तो खाली आणला. "हे पहा, तुम्ही लिहिलेला आकडा खोटा होता का? ते एकाहत्तर?"

"नाही. एकाहत्तर खरंच होतं. मी ऐकलंय ना ते."

"मग झालं तर. गोष्ट खरीच आहे. त्या बाईचा नवरा तिथे पडून रडून राहिला, हे खरं आहे. एक डबी वाजवायची राहिली म्हणून ते खोटं होते का? उद्या तुम्ही हो म्हणा. केली होती म्हणा. तिचंही भलं, तुमचंही भलं. चार महिन्यांसाठी पेन्शनला डाग लावून घेणार आहात का तुम्ही?"

बाई चुकीचं काही बोलत नव्हती. ते आतल्या खोलीत गेले, पेटी पलंगावर ठेवली, मीटर काढलं, सुरू केलं. नोंदी एकाखाली एक होत्या. त्या शनिवारची सकाळची तपासणी, मग मापन, आणि त्यानंतर थेट पुढच्या मंगळवारची तपासणी. मध्ये काही नाही. पुसण्याच्या बटणावर त्यांनी बोट ठेवलं. दाबलं की "नक्की?" असं मीटर विचारत होतं. नक्की, असं म्हणायला ते आयुष्यात कधी शिकलेच नव्हते. लबाडीलाही छाती लागते, हे त्यांना त्या संध्याकाळी कळलं. त्यांनी मीटर बंद केलं आणि पेटीत ठेवून दिलं.

सकाळी मात्र रिक्षात बसल्यावर त्यांनी वाक्य पाठ केलं. "सर, किया था. मेमरी में शायद सेव नहीं हुआ." साधं, सोपं, सरकारी वाक्य. रोज अशी शंभर वाक्यं कचेऱ्यांतून खपत असतील. तहसिलीच्या पायऱ्या चढेपर्यंत ते त्यांनी चाळीस वेळा म्हटलं असेल.

सुनावणीच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून रामकली बसली होती. पहाटेची बस धरून आली होती. नवऱ्यापाशी शेजारीण होती. वैरागड्यांना बघून ती उठली आणि हात जोडून म्हणाली, "तीन हफ्ते सोए हैं, साब. परसों तो खिचड़ी भी माँगी, इशारे से." वैरागड्यांनी मान हलवली आणि नजर चुकवून आत गेले.

वाइनरीचे वकील अत्यंत सभ्य गृहस्थ होते. आवाज सुद्धा चढवला नाही. त्यांनी मीटर मागितलं, नोंदी एसडीएम साहेबांना दाखवल्या, फॉर्म शेजारी ठेवला. मग चष्मा काढून वैरागड्यांकडे वळले. "वैरागडे जी, मेज़रमेंट के बाद वाला कैलिब्रेशन आपने किस समय किया था?"

ओंकार मागच्या बाकावर बसला होता. दाराच्या फटीतून रामकलीची साडी दिसत होती. वैरागड्यांचं पाठ केलेलं वाक्य जिभेवर येऊन उभं राहिलं. पण त्याला बाहेर ढकलायला लागतो तेवढा श्वासच छातीत उरला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा जे आधीपासून आत होतं तेच बाहेर पडलं.

"नहीं किया था, सर."

"फॉर्म में तो लिखा है."

"लिखा था. किया नहीं था."

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. एसडीएम साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि वैरागड्यांकडे पाहिलं. रागाने नव्हे, कोडं पडल्यासारखं. वकिलांनी "ईमानदार आदमी हैं" असं म्हणून मान तुकवली. वैरागड्यांना मात्र त्यात स्वतःचं काही इमान दिसत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की त्यांच्या तोंडून एक वाक्य सुटलं आणि त्याखाली एक पक्षाघाताचा माणूस चिरडला गेला.

हुकूम तिथेच झाला. रिपोर्ट रद्द. स्पीकरवरची बंदी उठली. पंधरा दिवसांनी पुन्हा मापन, दोन्ही पक्षांना तारीख आणि वेळ आधी कळवून. त्यात आवाज मर्यादेच्या आत आला तर तक्रार निकाली. वैरागड्यांना कारणे दाखवा नोटीस वेगळी.

व्हरांड्यात ओंकारने त्यांना गाठलं. "थँक यू, काका. आपला माणूस तो आपलाच," तो हळूच म्हणाला आणि त्याने खरंच वाकून पायांना हात लावला. वैरागड्यांनी पाय मागे घ्यायला हवा होता. तेवढंही त्यांना जमलं नाही.

रामकली जिन्यापाशी थांबली होती. "साब, मशीन ख़राब थी?"

"मशीन ठीक थी."

"तो फिर?"

"ग़लती मेरी थी."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तरी वैरागड्यांना बरं वाटलं असतं. "बारह की बस है," एवढंच म्हणून ती पायऱ्या उतरली.

मधले पंधरा दिवस कसे गेले ते वैरागड्यांचं त्यांना ठाऊक. ऑफिसात कुणी समोर बसत नव्हतं. वर्षानुवर्षं दोन्ही चौकोन एकदम भरणारे आता त्यांना पाहून कपाटाकडे वळत होते. नोटिशीचं उत्तर त्यांनी सहा वेळा लिहिलं आणि सहा वेळा फाडलं. अनुराधाबाई एक शब्द बोलल्या नाहीत, उलट रोज रात्री त्यांच्या तळपायांना तेल चोळत बसल्या. त्या गप्प राहण्याचीही त्यांना भीती वाटत होती. मधला शनिवार आला, चार वाजले, आणि ते घरातल्या घरात फेऱ्या घालायला लागले. जामुनखेडी तिथून तीस किलोमीटर. तरी त्यांना पतरे ऐकू येत होते.

पुन्हा मापनाला त्यांनाच जावं लागलं. आवाजाच्या कामाला माणूसच दुसरा उरला नव्हता. ऑफिसातले साहेब म्हणाले, "इस बार नियम से, वैरागडे. एक-एक लाइन नियम से." जीपमध्ये बसल्यावर त्यांनी खिशातला कॅलिब्रेटर तीनदा चाचपला.

"अमाँ खाँ, आप तो ऐसे काँप रिये हो जैसे निकाह आपका हो," रईसभाई म्हणाला, आणि ते हसले नाहीत तेव्हा त्याने नजर रस्त्याकडे वळवली.

भीती आता साहेबांची नव्हती, नोटिशीचीही नव्हती. त्या बाईच्या समोर उभं राहायचं, याची होती. आणि अंगणात पाय ठेवताक्षणी दुसरी भीती खरी ठरली, जी त्यांना पंधरा दिवस वाटतच होती. वर स्टेज होतं, स्पीकर होते, मोटारीही होत्या. पण गाणं इतकं हळू लावलं होतं की रामकलीच्या अंगणातली कोंबडी पायाने माती उकरत होती तेसुद्धा ऐकू यावं. तारीख कळवलेली होती. वेळ कळवलेली होती. ओंकार हुशार मुलगा होता.

बाबूलाल खाटेवर झोपला होता. तोंड किंचित उघडं, डावा हात छातीवर. त्याचा झोपलेला चेहरा वैरागड्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पन्नाशीचा असेल. आधी त्यांना तो सत्तरीचा वाटला होता.

त्यांनी तिवई उभी केली. मीटर तपासलं, आकडा लिहिला. साडेचार ते साडेसहा, दोन तास. रीडिंग आलं त्रेपन्न पॉइंट दोन. मग त्यांनी खिशातून कॅलिब्रेटर काढला, खाटेपासून दूर गोठ्यामागे जाऊन शिट्टी वाजवली, आणि चौऱ्याण्णव पॉइंट एक असं लिहिलं. एकतीस वर्षांत त्यांचा फॉर्म इतका चोख कधी झाला नव्हता. मीटर बंद करून त्यांनी ते पुन्हा तिवईवर बसवलं, कारण पेटी जीपमध्ये होती, आणि पंचनाम्याचा कागद घेऊन ते रामकलीपाशी आले.

 मुकाट्याने शाईचा पॅड पुढे केला असता तर तिने अंगठा दिला असता. तिला वाचता येत नव्हतं.

"पहले सुन लो," ते म्हणाले.  "इसमें लिखा है कि आज आवाज़ कम है. क़ायदे के अंदर. तुम अंगूठा लगाओगी तो तुम्हारी शिकायत ख़तम. कल से वो फिर बढ़ा देंगे. कल क्या, मेरे जाते ही. मत लगाओ. बिना अंगूठे के मैं लिख दूँगा कि गवाह ने मना किया. फिर शायद... शायद एक बार और जाँच हो."

रामकली कागदाकडे बघत राहिली. "और जाँच होगी तो वो फिर धीमा नहीं करेंगे?"

वैरागड्यांनी वरच्या स्पीकरांकडे पाहिलं.

"आज धीमा तो है, साब," ती म्हणाली. "ये तो झूठ नहीं है. मैं कैसे कह दूँ कि नहीं है?" आणि तिने स्वतःच पॅडवर अंगठा टेकवून कागदावर उमटवला, नीट, रेघा दिसतील असा.  सुनावणीत त्यांच्या तोंडून निव्वळ घाबरून जे निसटलं होतं, ते या बाईने शुद्धीवर राहून, समजून उमजून केलं होतं.

आता राहिली होती ओंकारची सही. कुंपणाच्या फाटकापाशी तो रखवालदारांबरोबर उभा होता, इकडेच बघत. सही झाली की काम संपलं. वैरागडे कागद घडी करायला लागले.

"साब," रामकलीने हळूच हाक मारली. "एक बात पूछूँ? ये मशीन थोड़ी देर और खड़ी रह सकती है?"

"काम हो गया इसका. बंद है."

"उनको क्या पता, बंद है." तिने खाटेकडे बघितलं. "जब तक ये खड़ी है, वो नहीं बढ़ाएँगे. आठ बजे तो वैसे ही उठ जाते हैं सब. इनको उतना और सो लेने दो."

वैरागड्यांनी फाटकाकडे पाहिलं, मीटरच्या काळ्या पडलेल्या पडद्याकडे पाहिलं.  साहेब म्हणाले होते, एक-एक ओळ नियमाने. त्यांनी पडदा फाटकाकडून दिसणार नाही असा फिरवला, दाराजवळचं स्टूल उचलून आणलं, तिवईपाशी ठेवलं आणि मांडीवर कोरा कागद घेऊन बसले.

पंधरा मिनिटांनी रखवालदार आला. वैरागड्यांनी हाताने त्याला थांबवलं. "चल रहा है अभी." तो परत गेला. सात वाजता रईसभाईने जीपचं दार उघडलं, अंगणाकडे पाहिलं, आणि काय समजायचं ते समजून दार न आपटता आत बसला. मग ओंकार स्वतः उतरून आला. बूट करकरत होते.

"काका, दोन तासांचंच होतं ना? ऑर्डरमध्ये साडेसहा लिहिलंय. आमचे पाहुणे खोळंबलेत वर, कुणाला काही ऐकू येत नाहीये. सही घेऊन टाका ना."

वैरागड्यांचं काळीज इतकं जोरात उडत होतं की ते ओंकारला ऐकू जाईल असं त्यांना वाटलं. आयुष्यात ते कुणाला कधी "गप्प बस" म्हणाले नव्हते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"रीडिंग चालू आहे," ते कुजबुजले. "बोलू नका. तुमचाच आवाज त्यात येतो. तुमचंच रीडिंग वाढेल."

ओंकारने मीटरकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.  मग त्याने बूट उचलून उचलून टाकत, टाचा टेकू न देता फाटकाची वाट धरली.

उजेड गेला. रामकलीने दिवा लावला नाही. चौकटीला डोकं टेकून ती उंबऱ्यातच बसली होती आणि बसल्या बसल्या तिचाही डोळा लागला. वर गाणं चालू असावं, पण कोणतं ते कळत नव्हतं. आठ वाजायला पाऊण तास होता. वैरागड्यांच्या पायांचा कंप अजून थांबला नव्हता म्हणून त्यांनी एका हाताने तिवईचा पाय धरून ठेवला. घशात केव्हाचा खोकला दाटून आला होता. त्यांनी रुमाल तोंडात धरला आणि तो दाबून ठेवला.